बोगी म्हणजे डबा की डब्याखालचा गाडा? एका शब्दाचा मागोवा

अक्षरप्रवासी

रेल्वेची गाडी रुळांवरून घसरल्याची बातमी आली की ‘तीन बोग्या घसरल्या’ असे मथळे दिसतात आणि त्याखाली कोणीतरी जाणकार हमखास लिहितो, की बोगी म्हणजे डबा नव्हे, बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. हा आक्षेप अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर आहे. तरीही तो तेवढाच ठेवून चर्चा संपवली, की या शब्दाचा अत्यंत वेधक प्रवास झाकला जातो, आणि डब्याला बोगी म्हणणारी कोट्यवधी भारतीय माणसे केवळ अज्ञानी ठरतात. ते मला मान्य नाही. म्हणून हा धागा काढत आहे. रेल्वेत काम केलेल्या सभासदांनी यात अवश्य भर घालावी.

आधी मूळ अर्थ पाहू. बोगी हा शब्द इंग्लंडच्या ईशान्य भागातला, म्हणजे न्यूकॅसल आणि टाइन नदीच्या परिसरातला बोलीशब्द आहे. तिथल्या कोळशाच्या खाणींमध्ये आणि धक्क्यांवर अवजड माल हलवण्यासाठी लहान चाकांचा, बुटका आणि भक्कम गाडा वापरत असत, त्याला बोगी म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा शब्द लेखी सापडतो. त्याची व्युत्पत्ती मात्र इंग्रजी कोशकारांनी ‘अज्ञात’ अशीच नोंदवलेली आहे. इंग्रजीत भुताखेताला, बागुलबुवाला ‘बोगी’ म्हणतात आणि वळणावर अचानक फिरून हा गाडा माणसांना दचकवत असे म्हणून त्याला ते नाव पडले, अशी एक कथा सांगितली जाते. कथा रंगतदार आहे, पण तिच्यामागे लेखी आधार नाही, आणि दोन शब्दांचा उच्चार सारखा असला म्हणजे ते एका कुळातले असतात असे नव्हे.

गाड्याखाली फिरता गाडा बसवण्याची कल्पना तितकीच जुनी आहे. विल्यम चॅपमन या अभियंत्याने आपल्या भावासह १८१२ साली जे पेटंट घेतले, त्यात इंजिनाचे वजन अधिक चाकांवर वाटण्यासाठी अशी रचना सुचवलेली होती. त्या काळचे रूळ बिडाचे आणि ठिसूळ असल्यामुळे जड इंजिनाखाली ते तुटत. त्यामुळे वजन पसरवण्याची गरज खरोखरीची होती. चॅपमन त्याच न्यूकॅसल परिसरात काम करत होता, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. गाड्याचा शब्द आणि फिरत्या गाड्याची रचना एकाच कोळशाच्या मुलखात वाढल्यावर कालांतराने त्यांची गाठ पडणे स्वाभाविक होते.

उत्तरसमुद्र

आपण उत्तम विषय काढलात. मी बरीच वर्षे याच भागात राहतो, म्हणून थोडी भर घालतो. रेल्वेशी संबंध नसलेला जुना अर्थ इकडे पूर्णपणे मेलेला नाही. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडच्या काही भागांत मुले फळ्या आणि जुनी चाके जोडून उतारावरून पळवायचा जो घरगुती गाडा बनवतात, त्याला बोगी म्हणतात. शेतात गवताच्या लहान गंज्या अखंड उचलून नेण्यासाठी जो जमिनीलगतचा सपाट गाडा असे, त्यालाही ‘हे बोगी’ (इंग्रजीतला ‘हे’ म्हणजे वाळलेले गवत) असे नाव होते.

या सगळ्यांत समान धागा एकच आहे: बुटका, लहान चाकांचा, ज्याच्यावर दुसरे काहीतरी ठेवले जाते असा गाडा. रेल्वेच्या डब्याखालचा गाडा नेमका तसाच असतो. लांब लाकडी ओंडका न्यायचा असेल तर त्याच्या दोन टोकांना दोन स्वतंत्र गाडे द्यायचे आणि वळणावर ते आपापले फिरू द्यायचे, हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नाही. डब्याला दोन बोग्या देणे ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

लोहमार्ग

मी कॅरेज अँड वॅगन खात्यातून निवृत्त झालो आहे, तेव्हा बोगी नेमके काय काम करते ते सांगतो. नावाचा वाद त्यानंतर अधिक समजून घेता येईल.

जुन्या चारचाकी डब्याला दोनच आस असत आणि ते डब्याच्या चौकटीला कायमचे जखडलेले असत. दोन आसांमधले अंतर वाढवले की वळणावर चाके रुळाच्या दिशेशी जुळत नाहीत, चाकांच्या कडा रुळाला घासतात, गाडी जड चालते आणि फार झाले तर चाक रुळावर चढते. त्यामुळे डब्याची लांबी वाढवण्याला मर्यादा पडत असे. बोगीमध्ये दोन आस एकमेकांच्या जवळ असतात आणि ती संपूर्ण चौकट डब्याखाली थोडी फिरू शकते. आपल्याकडच्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्याच्या बोगीत दोन आसांमधले अंतर २,८९६ मिलिमीटर आहे. तोच डबा मात्र २१ मीटरांहून लांब असतो. वळणाला सामोरी जाते ती सुमारे तीन मीटरांची बोगी.

दुसरा फायदा प्रवाशाच्या पाठीला कळतो. रुळाच्या सांध्यावर एका आसाची चाके जेवढी उसळतात, त्याच्या निम्मीच उसळी बोगीच्या मध्यापर्यंत पोहोचते. त्यावर स्प्रिंगांचे दोन थर असतात. पहिला अ‍ॅक्सल बॉक्स (आसाच्या टोकाची पेटी) आणि बोगीची चौकट यांच्यामध्ये असतो आणि दुसरा चौकट आणि बोल्स्टर यांच्यामध्ये. बोल्स्टर म्हणजे डब्याचा भार पेलणारी आडवी तुळई.

पुढच्या वेळी फलाटावर गाडी उभी असेल तेव्हा सुरक्षित अंतरावरून समोरच्या रुळांवरील डब्याखाली पाहा. दोन चाकांच्या मध्ये जाड गुंडाळीच्या स्प्रिंगांची जोडी दिसेल, ती दुसऱ्या थराची. चाकाच्या मध्याशी असलेल्या पेटीच्या दोन्ही बाजूंना ज्या स्प्रिंगा दिसतात, त्या पहिल्या थराच्या. चाकाच्या गोलाईला बाहेरून टेकलेला वक्र तुकडा म्हणजे ब्रेक ब्लॉक. तो न दिसता आसावर चकत्या दिसल्या, तर तो डबा एलएचबी, म्हणजे मूळ जर्मन आराखड्याचा नवा प्रकार, आहे असे समजावे. आयसीएफ बोगीत मध्यभागी जो पिव्होट (फिरण्याचा खुंटा) असतो, त्यावरच डब्याचे वजन बसते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वजन बोल्स्टरवर दोन बाजूंना असलेल्या साइड बेअररांवर येते, आणि त्या दोहोंमध्ये १,६०० मिलिमीटर अंतर असते. पिव्होटकडे ओढ आणि ब्रेकचा जोर पोहोचवण्याचे काम असते.

आता शब्दाबद्दल. आमच्या कारखान्यात कामगार याला बोगी क्वचितच म्हणत. सर्रास शब्द होता ‘ट्रॉली’. डबा उचलून ‘ट्रॉली बाहेर काढा’ असेच सांगितले जाई, आणि चौकटीला ट्रॉली फ्रेम म्हणत. कागदावर बोगी लिहायचे आणि तोंडाने ट्रॉली म्हणायचे, असा प्रघात होता. याचे कारण उघड होते: बोगी हा शब्द बाहेरच्या जगात डब्यासाठी वापरला जात असल्यामुळे कामावर गोंधळ नको.

ज्ञानेश्वरी_वाचक

लोहमार्गकाका, आपल्या प्रतिसादामुळे प्रथमच नीट समजले. मग माझा साधा प्रश्न असा आहे, की गाड्याचे नाव डब्याला केव्हा आणि कसे चिकटले? इंग्लंडमध्ये तर डब्याला बोगी म्हणत नाहीत.

अक्षरप्रवासी

हाच या धाग्याचा मुख्य प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिला १४ डबे होते, आणि त्या काळचे डबे आजच्या मानाने फार लहान असत. पुढे कित्येक दशके चारचाकी आणि सहाचाकी डबेच सर्वत्र चालत होते. इंग्लंडमध्येही परिस्थिती वेगळी नव्हती. अमेरिकेत जॉन जर्विस याने १८३२ सालीच इंजिनाच्या पुढच्या बाजूला फिरता गाडा बसवला होता आणि आठचाकी प्रवासी डबे तिथे लवकर रुळले. त्याचे कारण असे, की तिकडचे लोहमार्ग घाईने, कमी खर्चात आणि भरपूर वळणे घेत बांधलेले होते. इंग्लंडमधले मार्ग सरळ आणि भक्कम असल्यामुळे तिथे निकड भासली नाही. वेल्समधल्या फेस्टिनिऑग या अरुंद मार्गावर १८७२ साली आणि मिडलंड रेल्वेवर १८७४ साली पुलमन डब्यांच्या रूपाने बोगीचे प्रवासी डबे आले आणि मग हळूहळू पसरले.

म्हणजे एक मोठा काळ असा होता, की एकाच गाडीत, एकाच यार्डात दोन प्रकारचे डबे शेजारी शेजारी उभे असत: जुने, आखूड, धक्के देणारे चारचाकी आणि नवे, लांब, आरामशीर बोगी डबे. त्यांचे पूर्ण नाव ‘बोगी कॅरेज’. भेद दाखवणारा शब्द ‘बोगी’ हाच होता, कारण कॅरेज तर दोन्ही होते. बोलताना माणूस भेद दाखवणारा शब्द ठेवतो आणि उरलेला गाळतो. मोबाइल फोनचा नुसता ‘मोबाइल’ आपण डोळ्यांदेखत केला. तसाच बोगी कॅरेजचा ‘बोगी’ झाला, आणि पुढे चारचाकी प्रवासी डबे नाहीसे झाल्यावर बोगी म्हणजे सरसकट डबा हा अर्थ उरला. भाषाशास्त्रात याला अर्थविस्तार म्हणतात आणि तो जगातल्या प्रत्येक भाषेत होतो. आज इंग्रजी कोशांतही डबा हा अर्थ भारतीय वापर म्हणून दिलेला आढळतो.

या जुन्या भेदाची खूण मालगाडीवर आजही रंगवलेली आहे. कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणीवर ‘बॉक्सएन’ ही अक्षरे आपण वाचली असतील. त्यातील पहिले अक्षर ‘बी’ म्हणजे बोगी, ‘ओ’ म्हणजे उघडी, आणि शेवटचा ‘एन’ म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक असलेली. बंद वाघिणीच्या ‘बीसीएन’ या खुणेतही ‘बी’ बोगीचाच आहे. वाघीण चारचाकी नसून बोगीची आहे, हे सांगणे आवश्यक होते त्या काळातली ही पद्धत आहे. आता जवळजवळ सगळ्याच वाघिणी बोगीच्या असल्या तरी ते अक्षर टिकून आहे.

कुर्डुवाडीकर

बोगीचा विषय निघावा आणि आमच्या बार्शी लाइनचा उल्लेख होऊ नये, हे मला सहन होण्यासारखे नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे माहीत असायलाच हवे, की बोगीच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यात झाला.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ पासून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. मुख्य मार्ग बार्शीपासून दूर राहिल्यामुळे तिथल्या बाजारपेठेची गैरसोय होत होती. त्याने अडीच फुटी अरुंद मार्गाची योजना मांडली. त्याचा मुद्दा अत्यंत स्पष्ट होता: रूळ हलके हवेत म्हणजे खर्च कमी होईल, पण रूळ हलके असतील तर कोणत्याही एका आसावर ठरावीक वजनापेक्षा जास्त भार येता कामा नये. त्याने ही मर्यादा ५ टन ठरवली आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक वाहन तिच्यात बसवले. पाच टनांच्या मर्यादेत भरपूर माल न्यायचा तर चार आस हवेत, आणि अरुंद मार्गाच्या वळणांवर चार आस वापरायचे तर बोगीवाचून पर्याय नाही. म्हणून बार्शी लाइनची वाहने सुरुवातीपासूनच बोगीची होती. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी लीड्स फोर्ज या कंपनीने बनवल्या आणि भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्यांच्या चाचण्या घेऊन दाखवल्या. मार्ग १८९७ साली सुरू झाला. ज्या काळात ब्रॉडगेजवर चारचाकी वाघिणींचे राज्य होते, त्या काळात अडीच फुटांच्या रुळांवर आमच्याकडे बोग्या धावत होत्या.

पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि अखेर १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची जी गर्दी होई, तिचा मोठा भार याच गाडीने वाहिला. १९५४ साली ही खासगी कंपनी सरकारने ताब्यात घेतली. आता सगळीकडे ब्रॉडगेज झाले आहे. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र आहे. आमच्या घरी तीन पिढ्या तिथे कामाला होत्या आणि आजोबांच्या तोंडी डब्याला ‘डबा’ आणि खालच्या भागाला ‘बोगी’ असाच शब्द होता. लोहमार्गकाकांच्या ‘ट्रॉली’बद्दल म्हणूनच कुतूहल वाटले. प्रत्येक कारखान्याची बोली वेगळी असणार.

मीमांसक

चर्चा फार चांगली चालली आहे, परंतु अक्षरप्रवासी यांच्या उदारपणाशी मी सहमत नाही. अर्थविस्तार झाला हे खरे. पण तांत्रिक शब्दाला नेमका अर्थ असतो आणि तो सैल केला की नुकसान होते. अपघाताच्या बातमीत ‘बोगी निसटली’ असे लिहिले तर वाचकाने काय समजायचे? डब्याखालून गाडा निसटला की अख्खा डबा गाडीपासून सुटला? या दोन घटनांची कारणे आणि गांभीर्य पूर्णपणे वेगळे आहेत. मराठीत ‘डबा’ हा सुटसुटीत, सर्वांना कळणारा शब्द असताना बोगीची गरजच काय?

अक्षरप्रवासी

मीमांसकजी, आपला मुद्दा बातमीपुरता मला पूर्णपणे मान्य आहे. अपघाताच्या वृत्तात, चौकशी अहवालाच्या सारांशात आणि अभियांत्रिकीच्या लेखनात डबा आणि बोगी यांत भेद राखलाच पाहिजे. माझा विरोध आहे तो ‘हा वापर चूक आहे’ या निवाड्याला. शब्दाचे तांत्रिक आणि लौकिक असे दोन अर्थ शेजारी नांदू शकतात.

यासंदर्भात अमेरिकेकडे पाहण्यासारखे आहे. ज्याला ब्रिटिश बोगी म्हणतात, त्याला अमेरिकी रेल्वे ‘ट्रक’ म्हणते. हा ट्रक म्हणजे मुळात लहान चाक किंवा चाकांचा गाडा. त्याचे मूळ चाकाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात. तोच शब्द पुढे माल वाहणाऱ्या मोटारीला मिळाला आणि आज कोणालाही ट्रक म्हटले की चाकांचा गाडा आठवत नाही, संपूर्ण वाहन आठवते. म्हणजे गाड्याचे नाव वाहनाला मिळण्याची जी गोष्ट भारतात बोगीच्या बाबतीत घडली, ती इंग्रजी भाषेनेच ट्रकच्या बाबतीत केलेली आहे. तिला कोणी चूक म्हणत नाही.

घाटवाट

दोन शंका आहेत. इंजिनांच्या वर्णनात ‘बो-बो’ आणि ‘को-को’ असे लिहितात, त्यातला ‘बो’ म्हणजे बोगी का? आणि आपली ‘बग्गी’ याच शब्दाची बहीण आहे का?

लोहमार्ग

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण हा गैरसमज रेल्वेप्रेमींमध्येही फार पसरलेला आहे. ‘बो’चा बोगीशी संबंध नाही. या पद्धतीत चालक आसांची संख्या अक्षरांनी दाखवतात: ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, सी म्हणजे तीन. त्यापुढचा लहान ‘ओ’ प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर आहे असे सांगतो. त्यामुळे को-को इंजिनात प्रत्येकी तीन आसांच्या दोन बोग्या असतात आणि सहाही आस स्वतंत्र मोटरींनी फिरतात. मुंबई–पुणे घाटात ज्या जुन्या विद्युत इंजिनांना सगळे ‘खेकडा’ म्हणत, त्या डब्ल्यूसीजी-१ मध्ये चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली होती. म्हणून त्यांची रचना ‘सी-सी’ लिहितात, त्यात ‘ओ’ येत नाही.

अक्षरप्रवासी

दुसऱ्या शंकेबाबत: बग्गी हा शब्द घोड्याच्या हलक्या गाडीसाठी अठराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि तिथूनच आपल्याकडे आला. बोगीशी त्याचे नाते दाखवणारा पुरावा नाही. गोल्फमधला ‘बोगी’ही वेगळा आहे, तो बागुलबुवाच्या शब्दावरून आलेला आहे.

रेल्वेबाहेर बोगी मूळ अर्थानेच वापरतात, हेही सांगायला हवे. मोठ्या विमानाच्या पायाशी एका दांड्यावर चार किंवा सहा चाकांचा जो संच असतो, त्याला बोगीच म्हणतात, आणि बोइंग ७७७ च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकांची बोगी असते.

मीमांसक

ट्रकचे उदाहरण पटण्यासारखे आहे. तरीही एक व्याकरणाची बाब मांडतो, जी विरोधाभासाने आपल्याच बाजूची आहे. ‘कोच’ हा शब्द मराठीत अजून पाहुण्यासारखा वावरतो: एक कोच, दोन कोच. बोगीने मात्र मराठीचे स्त्रीलिंग घेतले, ‘नदी–नद्या’प्रमाणे ‘बोगी–बोग्या’ असे अनेकवचन घेतले आणि ‘बोग्यांमध्ये’, ‘बोग्यांखाली’ अशी रूपेही घेतली. जो शब्द भाषेची विभक्ती स्वीकारतो, त्याला बाहेर काढणे माझ्यासारख्याच्या हातात नाही, हे मी मान्य करतो. बातमीतल्या नेमकेपणाचा आग्रह मात्र सोडणार नाही.

ज्ञानेश्वरी_वाचक

लोहमार्गकाका, शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न. प्रवासात डब्याखालून सारखे ठोके ऐकू आले तर तक्रार कशी नोंदवावी? बोगीत बिघाड आहे असे सांगायचे की डब्यात?

लोहमार्ग

चांगला प्रश्न विचारलात. ठोके वेगाबरोबर वाढत आणि कमी होत असतील, तर बहुधा चाकाचा घेर एका जागी चपटा झालेला असतो. आम्ही त्याला ‘फ्लॅट टायर’ म्हणतो. ब्रेक अडकून चाक न फिरता रुळावर घासत गेले, की असे होते. गाडी स्थानकात शिरताना टीएक्सआर (गाडीची तपासणी करणारे ट्रेन एक्झामिनर) आणि त्यांची माणसे रुळाच्या दोन्ही बाजूंना बसून नेमका हाच आवाज ऐकत असतात आणि खालचे लोंबणारे भाग पाहत असतात.

आपण १३९ क्रमांकावर फोन करावा किंवा गाडीतल्या तिकीट तपासनिसांना सांगावे. बोगी की डबा या वादात न पडता तीन गोष्टी सांगाव्यात: गाडीचा क्रमांक, डब्याच्या बाहेरच्या बाजूला रंगवलेला डब्याचा क्रमांक, आणि आवाज डब्याच्या कोणत्या टोकाकडून येतो ते. डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन अंक हे तो कोणत्या साली बांधला ते दाखवतात, त्यामुळे तो क्रमांक पूर्ण सांगावा. आणि टोक सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण डब्याला दोन बोग्या असतात आणि पुढच्या स्थानकावर तपासणाऱ्याच्या हाती मोजकीच मिनिटे असतात. ‘शौचालयाच्या खालून, इंजिनाकडच्या टोकाला’ एवढे जरी सांगितले तरी तो थेट त्याच चार चाकांपाशी जाऊन वाकतो.